फॅटचं मशीन आणि काचेचे कोंब

मित्रांनो, वडवणीच्या दूध डेअरीत ज्यांनी कधी दूध घातलं आहे, त्यांतल्या प्रत्येकाने मला एकदा तरी शिवी दिलेली आहे. मी फॅटचं मशीन. बिडाचं अंग, वर परातीएवढं झाकण, आत आठ नळ्या ठेवायची गोल थाळी आणि उजव्या अंगाला एक दांडा. वीज लागत नाही, बटण नाही. दांडा एकदा फिरला की आतली थाळी सोळा वेळा फिरते. आता माझा रंग उडाला आहे. पितळी पट्टीवर कारखान्याचं नाव होतं, तेही झिजून शेवटचं 'अँड सन्स' तेवढं उरलं आहे. म्हणजे बाप कोण हे मला सांगता येत नाही, पण मी कुणाचा तरी मुलगा आहे एवढं नक्की.

वडवणीला मी आलो तो एसटीच्या टपावरून, गवतात गुंडाळलेला, एका लग्नाच्या रुखवताशेजारी. दोरी सुटली असती तर मी कुणाच्या तरी सासरी उतरलो असतो. पण दोरी सुटली नाही. डेअरीच्या सेक्रेटरींनी मला टेबलावर बसवलं, हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. सगळीकडे नारळ यंत्रासमोर फोडतात. सेक्रेटरींनी तो माझ्यावर फोडला. झाकणाला डावीकडे पोचा आहे तो तेव्हाचा.

माझा दांडा हाती आला आप्पारावांच्या. तेव्हा ते ऐन पंचविशीत होते आणि बीडला आठ दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. ते आठ दिवस त्यांनी पुढं जन्मभर पुरवले. काम सोपं होतं. दुधाचा नमुना नळीत घ्यायचा, त्यात ॲसिड, वरून उग्र वासाचं थोडं स्पिरिट, बूच पक्कं लावायचं, नळ्या माझ्या पोटात समोरासमोर मांडायच्या आणि पाच मिनिटं मला गरागरा फिरवायचं. जड ते बाहेरच्या अंगाला जातं, हलकं ते आत येतं. दुधातला स्निग्धांश नळीच्या मानेत पिवळ्या पट्टीसारखा गोळा होतो. आप्पाराव ती नळी डोळ्यासमोर धरायचे, एक डोळा मिटायचे आणि आकडा सांगायचे.

त्या एका क्षणाला सगळी रांग श्वास धरून उभी राहायची. पुढाऱ्याच्या सभेत जांभया देणारी माणसं माझ्यापुढं हात जोडायची. फॅट चांगली लागली की म्हणायची, "म्हैस लई गुणाची हाय." कमी लागली की म्हणायची, "मशीन खराब हाय." पंचवीस वर्षांत एकदाही कुणाची म्हैस खराब निघाली नाही.

या रांगेत वच्छलाबाई असायच्या. शिवारातल्या वस्तीवरून डोक्यावर किटली घेऊन भल्या सकाळी येणाऱ्या, अंगाने किरकोळ आणि आवाजाने भरभक्कम. त्यांच्या दुधाला बारा महिने सहा-आठ, म्हणजे सहा पूर्णांक आठ, फॅट लागायची. आप्पारावांनी नळी उचलायच्या आधीच त्या आकडा सांगून टाकायच्या आणि तो बरोबर निघायचा. यामुळं आप्पारावांना फार राग यायचा.

मग तो दिवस आला. चौदा वर्षांपूर्वीचा. आप्पारावांनी वच्छलाबाईंची नळी आत ठेवली, मला फिरवायला सुरुवात केली आणि दोन मिनिटं होतात न होतात तोच बाहेर जीपचा हॉर्न वाजला. विजयसिंहराव नावाचे पुढारी डेअरीला भेट द्यायला आले होते. सेक्रेटरी धावले, रांग धावली आणि आप्पारावांनीही दांडा सोडला. परत आले ते हार-तुऱ्याच्या गडबडीत. पाच मिनिटांचं काम दोन मिनिटांत आटोपलेलं, पट्टी अर्धवट गोळा झालेली. त्यांनी नळी उचलली, एक डोळा मिटला आणि पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "चार-दोन!"

"चार-दोन?" वच्छलाबाई म्हणाल्या. "सहा-आठ लागणारी माझी म्हैस एका रातीत चारवर कशी आली? सांगा की!"

"मला काय इचारता? मशीन लबाड बोलतंय का?"

"मंग मी लबाड हाय का?"

आप्पारावांनी पुढची नळी उचलली. पण मागून कुणीतरी म्हणालं, "हिरीला पानी लई आलंय औंदा," आणि पुढाऱ्यांसकट सगळी डेअरी हसली. वच्छलाबाईंनी झाकण उघडलं आणि किटलीतलं नऊ लिटर दूध माझ्या पोटात ओतलं. उरलेलं आप्पारावांच्या पायावर. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं ते एकमेव दुग्धस्नान. चार दिवस मला आंबूस वास येत होता.

त्यानंतर त्या डेअरीत आल्या नाहीत. गावात घरोघर दूध घालू लागल्या. पण 'पाणीवाली वच्छला' हे नाव त्यांच्या मागून घरोघर गेलं. आप्पाराव समोरून आले की त्या रस्ता ओलांडून जायच्या आणि आप्पारावही भिंतीवरची जाहिरात वाचू लागायचे. एक जाहिरात त्यांनी अशी किती वेळा वाचली असेल, देव जाणे. ती पोटाच्या विकारांची होती.

पुढं डेअरीत विजेवर चालणारं मशीन आलं. ते स्वतःच आकडा दाखवतं, डोळा मिटावा लागत नाही. मी भंगारात निघालो. आप्पाराव त्याच सुमारास घरी बसले. ते मला भंगारवाल्याच्या गाडीवरून उतरवून घरी घेऊन गेले. त्यांच्या पत्नी सारजाबाईंनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "ह्यात दळाय येतं का?" नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपला. उन्हाळ्यात माझ्यावर कुरडया वाळल्या, पावसाळ्यात माझ्या दांड्याला छत्री लटकली. शेवटी एक तांबडी कोंबडी थाळीत येऊन बसली आणि तिथंच अंडी घालू लागली. माझ्या पोटातून तीन वर्षांत सव्वीस पिलं बाहेर पडली. फॅटच्या मशिनांपैकी असं सुख फार थोड्यांना मिळालं असेल.

असा मी परसात पडलेलो असताना एका मंगळवारी फाटकाशी तेजश्री आली. वच्छलाबाईंची ही धाकटी मुलगी गावातल्याच कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. मागोमाग वच्छलाबाईही आल्या होत्या, पण त्या फाटकाबाहेरच, पाठ करून उभ्या राहिल्या.

तेजश्रीने सगळं सांगितलं. तिला एक प्रकल्प करायचा होता. सिलिकाच्या, म्हणजे वाळू-काच ज्याची बनते त्या पदार्थाच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या गोळ्यांवर बारीक काड्या वाढवायच्या. तीन वेळा केलं, तीनही वेळा फसलं. शुक्रवारी शहरातून परीक्षक येणार होत्या. काड्या दाखवल्या नाहीत तर प्रकल्प नापास, आणि पुढं संशोधनाला जायचं तिच्या मनात होतं ते वर्षभर लांबणार. त्यात सोमवारी वीज एकदम वाढली आणि कॉलेजचं सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरागरा फिरवायचं यंत्र, धूर काढून बंद पडलं. काड्या तयार झाल्या तरी त्या धुवायला काही उरलं नाही.

"योगीराज सर म्हणाले, डेअरीत पूर्वी हाताने फिरवायचं मशीन होतं," तेजश्री म्हणाली. "काका, ते द्याल का?"

आप्पारावांनी फाटकाकडं पाहिलं. "तेजश्री, तुझ्या आईला इचार, ह्या लबाड मशीनवर त्यांचा इस्वास हाय का?"

"तेजे," फाटकाकडून आवाज आला, "त्यांला म्हन, मशीनचं काम पोरीला हाय, आईला न्हाई."

"तुझ्या आईला म्हन, मंग आई कावून आली?"

"त्यांला म्हन, रस्ता सरकारी हाय."

दोघांमध्ये दहा हातांचं अंतर होतं आणि दोघंही शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल असे बोलत होते. तेजश्री आपली मान इकडून तिकडं फिरवत होती. शेवटी सारजाबाई चहा घेऊन आल्या, फाटकापर्यंत गेल्या आणि वच्छलाबाईंच्या हातात कप देऊन म्हणाल्या, "या की आत. तुमचं भांडन मशीनसंगं हाय का माज्या चहासंगं?" चहा हातात घेऊन रस्त्यावर उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून वच्छलाबाई आत आल्या. पण चहा त्यांनी माझ्याकडं पाठ करून प्यायला.

आप्पाराव म्हणाले, "देतो. पण मशीनसंगं मी येनार. दांडा माज्याबिगर कुनाच्या हातात जायचा न्हाई."

एवढं ठरल्यावर झाकण उघडलं, तर आत कोंबडी. नऊ अंड्यांवर. पिलं निघायला शनिवार उजाडणार होता आणि परीक्षा शुक्रवारी. कोंबडीला हे समजावून सांगणं कठीण होतं. सारजाबाईंनी पदर टाकून तिला उचललं आणि अंड्यांसकट भुसा भरलेल्या घमेल्यात ठेवलं. तिने अपमान गिळला नाही. आप्पारावांच्या पोटरीला दोनदा चोच मारून मगच ती बसली.

बुधवारी सकाळी मी ॲपे रिक्षातून कॉलेजात गेलो. सारजाबाईंनी मला राखेनं घासलं होतं, आप्पारावांनी दातेरी चाकांना तेल दिलं होतं. योगीराज सरांनी मला टेबलावर ठेवून चारी बाजूंनी पाहिलं. ते मन्मथस्वामींचे भक्त, कपाळाला भस्म, अंगावर पांढरा कोट. ते हळूच म्हणाले, "असं गिअरचं काम आता कुणी करत नाही." इतक्या वर्षांत कुणी मला चांगलं म्हटलं नव्हतं. माझ्या दातेरी चाकांत काहीतरी हललं. तेल नवीन होतं त्यामुळंही असेल.

तेजश्रीने कामाला सुरुवात केली. पेंटॅनॉल नावाच्या स्पिरिटात एक पांढरी पूड तिने आधीच विरघळवून ठेवली होती. बाटलीचं बूच उघडताच आप्पाराव ताठ झाले. "आरं! ही तर आपली फॅटची अल्कोहोल!"

"तिची चुलत बहीण," सर हसून म्हणाले.

मीही तो वास ओळखला. पंचवीस वर्षं माझ्या पोटात तो दरवळत होता.

वच्छलाबाई डबा घेऊन आल्या होत्या आणि आता जात नव्हत्या. "ह्या मानसावर ध्यान ठिवाया लागतं," एवढंच कारण त्यांनी दिलं. स्टुलावर बसून त्या विचारू लागल्या, "तेजे, नेमकं काय उगवायलीस तू?"

"हे बघ आई. ह्या नळीत पाण्यासारखं दिसतं ना, त्यात सिलिकाचे गोळे तरंगतायत. एवढे बारीक की केसाच्या जाडीत सत्तर-ऐंशी मावतील. ही बी समज. आता या स्पिरिटात थोडं पाणी घातलं की त्याचे बारीक थेंब होतात. एकेक थेंब एकेका गोळ्यावर टोपीसारखा बसतो. मग आपण जे रसायन घालतो, ते थेंबात शिरतं आणि त्याची सिलिका होऊन थेंबाखाली साचत जाते. थेंब वर सरकतो, खाली काडी वाढते."

"म्हंजी कोंब."

"कोंबच. काचेचा."

"याला कलिल म्हणतात," सर म्हणाले. "बारीक कण पसरलेले, पण खाली न बसणारे. दूधसुद्धा कलिलच."

"खलील?" वच्छलाबाईंना नवल वाटलं. "खलील मिस्त्री आमच्या वस्तीवर हापसा दुरुस्त करायला येतो. त्याचा काय संबंध?"

सरांनी चष्मा पुसला आणि विषय सोडून दिला.

सगळं मिसळून झालं. तेजश्रीने बाटली एकदाच नीट हलवली, खिडकीपासून दूर फळीवर ठेवली आणि म्हणाली, "आता संध्याकाळपर्यंत हिला धक्का लागायचा नाही. थेंब गोळ्यावरून पडला की संपलं."

वच्छलाबाईंचा चेहरा उजळला. "असं सांग की! म्हंजी इरजन हाय हे. इरजन लावलं की भांड्याला हात लावायचा न्हाई, न्हाई तर दह्याचं पानी होतंय." त्यांनी स्टूल उचललं आणि फळीखाली नेऊन मांडलं.

दुपारी तेजश्री आणि सर तासाला गेले. आप्पाराव माझ्याशेजारी खुर्चीत पेंगत होते. तेवढ्यात दार ढकलून म्हाळू आला. म्हाळू हा प्रयोगशाळेचा मदतनीस, बावीस वर्षांची नोकरी, इमानदार माणूस. हातात फडकं. एकेक बाटली उचलायची, पुसायची आणि चांगली वर-खाली हलवून परत ठेवायची, असं करत तो फळीपाशी आला आणि त्याने त्या बाटलीकडं हात नेला.

मित्रांनो, मी बिडाचा आहे, पण त्या क्षणी मला घाम फुटला.

"ठेव हात खाली!"

ती आरोळी इतकी मोठी होती की आप्पाराव खुर्चीसकट मागं सरकले. म्हाळूचा हात हवेतच राहिला. वच्छलाबाई त्याच्या आणि बाटलीच्या मधे उभ्या होत्या. "काय करायलास तू?"

"हलवायलो, मावशी," म्हाळू घाबरून म्हणाला. "रोज दुपारी पुसताना समद्या बाटल्या हलवून ठिवतो म्या. खाली पांढरं बसू नई म्हनून. औषिधाच्या बाटलीवर लिहिलेलं आसतंय न्हाई का?"

"ह्या पोरीच्या बाटल्या पन हलवल्या व्हत्या का?"

"तिन्ही येळा," म्हाळू अभिमानाने म्हणाला. "तिच्या तर जास्तीच्या हलवल्या. गुणाची पोरगी हाय म्हनून."

तासावरून परत आल्यावर तेजश्रीने हे ऐकलं आणि ती मटकन खाली बसली. मग हसू लागली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग पुन्हा हसू लागली. दोन महिने ती रसायनं बदलत होती, वजन-मापं तपासत होती, स्वतःच्या हाताला दोष देत होती. म्हाळूला काय झालं ते कळलं तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं. सर रागावणार एवढ्यात तेजश्री म्हणाली, "म्हाळूमामा, आता तुम्हीच राखण करा. बाटली हलली नाही पाहिजे."

म्हाळूला जबाबदारी देताना माणसाने विचार करायला हवा होता. त्याने पंखा बंद केला. कॉरिडॉरमधून जाणाऱ्या मुलांना चपला काढायला लावल्या. वरच्या मजल्यावर लेझीमचा सराव चालला होता, तो जाऊन थांबवला. कहर म्हणजे प्राचार्य पाहणीला आले, तर त्यांना दारातच अडवून तो कुजबुजला, "साहेब, हळू. आत उगवायलंय." प्राचार्य काही न विचारता चवड्यांवर परत गेले. संध्याकाळपर्यंत बाटलीतलं पाणचट पांढरं चांगलं दुधासारखं दाट झालं. वच्छलाबाईंनी त्याकडं बघून सवयीनं आकडा सांगितला, "सहा-आठ." मग माझ्याकडं लक्ष गेलं आणि त्यांनी तोंड फिरवलं.

गुरुवारी माझं काम होतं. ते दाट पांढरं नळ्यांत भरून मला फिरवायचं. काड्या जड, त्या तळाला बसतात. न वाढलेला बारीक चुरा आणि स्पिरिट वर राहतं, ते ओतून टाकायचं. मग नवीन स्पिरिट, पुन्हा फिरवायचं. असं तीनदा. नळ्या माझ्या खाचांना सैल होत्या. आप्पारावांनी त्यांना कापडाच्या चिंध्या गुंडाळून समोरासमोर सारख्या वजनाच्या बसवल्या, तळवे धोतराला पुसले आणि दांडा धरला.

किती वर्षांनी फिरलो मी! आधी कुरकुरलो, मग सुराला लागलो. टेबल थरथरलं, काचा किणकिणल्या आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "गिरणी कुठं सुरू झाली?"

सहा मिनिटं झाली आणि आप्पाराव थांबले. "झालं."

तेजश्रीच्या मोबाइलवर घड्याळ चालू होतं. "काका, पंधरा मिनिटं फिरवायचंय. अजून नऊ."

"आता इतकं लागतंय व्हय? बघ तरी काढून."

तिने नळी काढली. तळाशी थोडी साय, पण वरचं सगळं अजून पांढरंच. "बघा, अर्ध्याच बसल्या. आता हे ओतलं तर अर्ध्या काड्या जातील."

वच्छलाबाई जवळ आल्या. त्यांनी ती नळी उजेडाला धरून बघितली. बराच वेळ बघितली.

"तेजे," त्या म्हणाल्या, "लवकर थांबवलं की कमी गोळा होतं का?"

"हो."

"दुधाचं बी तसंच का? फिरवायचं अर्ध्यावर सोडलं तर फॅट कमी लागती का?"

"लागणारच ना."

आप्पाराव माझ्या दांड्याकडं बघत होते. त्यांच्या कपाळावरचा घाम फिरवण्याचा नव्हता, हे मला कळत होतं. मग ते म्हणाले, अगदी हळू, "जीप आलती त्या दिवशी. दोन मिंटं झालती. मी दांडा सोडून पळालतो."

"तुमाला ठावं व्हतं?"

"नळी उचलली तवाच कळालं व्हतं. पन पाव्हन्यासमोर आकडा बोलून बसलो. मंग लोकं हासली. मंग तुमी दूध वतलं. मंग..." ते थांबले. "मंग चौदा वर्सं झाली."

"मला गावानं पानीवाली म्हनलं, आप्पाराव. तेजीला शाळंत पोरं चिडवायची."

"ठावं हाय."

मला वाटलं, आता दुसरं स्नान होणार. टेबलावर ॲसिडही होतं. पण वच्छलाबाईंनी ती नळी आपल्या पदराने पुसली, माझ्या खाचेत परत ठेवली आणि झाकण लावलं.

"फिरवा," त्या म्हणाल्या. "माज्या पोरीचं कमी लागू देऊ नका."

आप्पारावांनी फिरवलं. पंधरा मिनिटं, एक क्षण न थांबता. दुसऱ्या खेपेला त्यांचा हात भरून आला, तेव्हा वच्छलाबाई पुढं झाल्या. जो दांडा आप्पारावांशिवाय कुणाच्या हातात जायचा नव्हता, तो त्यांनी मुकाट्याने सोडला. धारा काढून कमावलेला हात होता तो. इतकं एकसारखं मला कुणी फिरवलं नव्हतं. हे मी आप्पारावांच्या देखत कबूल करणार नाही.

प्रत्येक खेपेला तळाची साय नव्या स्पिरिटात मोकळी करावी लागे. तेजश्रीने बूच लावलेली नळी म्हाळूच्या हातात दिली. "म्हाळूमामा, ही हलवा. जोरात." त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग बावीस वर्षांचा सगळा अनुभव पणाला लावून ती हलवली.

म्हाळूने ऐकलं म्हणजे वडवणीने ऐकलं. त्या संध्याकाळी वच्छलाबाई दूध घालत फिरल्या, तेव्हा दारादारांत बायका जरा जास्तच गोड बोलल्या. विजयसिंहरावांच्या जीपला मात्र गावाने नवीन नाव ठेवलं. ते मी इथं सांगत नाही.

शुक्रवारी परीक्षक उज्ज्वला मॅडम आल्या. कडक बाई. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्या इतका वेळ बसल्या की योगीराज सर मनातल्या मनात जप करू लागले असावेत, कारण त्यांचे ओठ हलत होते.

"काड्यापेटीतल्या काड्या सांडल्यासारखं दिसतंय," मॅडम अखेर म्हणाल्या. "एका टोकाला गुल. आणि सगळ्या थरथरतायत."

"द्रवाचे रेणू धडकतात म्हणून, मॅडम," तेजश्री म्हणाली. "शंभर गोळे मोजले. एकाहत्तरांना एकेक काडी आहे. नऊ जणांना दोन-दोन. वीस टकलेच राहिले."

"वीस टकले तू अहवालात लिहिलेस?"

"हो."

मॅडमनी पहिल्यांदाच मान वर केली. "बरेच जण लिहीत नाहीत. धुतलंस कशात?"

तेजश्रीने एकदा सरांकडं पाहिलं आणि मला दाखवलं. "दूध डेअरीच्या फॅटच्या मशीनमध्ये."

"वेग किती?"

ते तेजश्रीला ठाऊक होतं, पण तिने दाराबाहेर बसलेल्या आप्पारावांना आत बोलावलं. ते टोपी सारखी करत आले आणि परीक्षकांसमोर हात मागं बांधून उभे राहिले. "मिंटाला सत्तर दांडे, बाईसाहेब. एका दांड्याला सोळा फेरे. म्हंजी आत अकराशे वीस. पन पुरा येळ फिरवाया लागतंय. अर्ध्यावर सोडलं तर आकडा खोटा येतोय." मग खाली बघून म्हणाले, "ते माज्यानं एकदा झालतं."

मॅडमना त्यातलं सगळं कळलं नसावं. पण त्यांनी तेजश्रीला सांगितलं की अहवालात साधनांच्या यादीत हे यंत्र लिही, आणि फिरवणाऱ्यांची नावंही लिही. तेजश्रीने तिथंच लिहिलं. दोन नावं, एकाखाली एक. तिला चांगले गुण मिळाले आणि पावसाळ्यानंतर ती संशोधनाला शहरात गेली.

मित्रांनो, मी आता, आप्पारावांच्याच मर्जीने, कॉलेजच्या प्रयोगशाळेत खिडकीखाली असतो. शेजारी नवं विजेचं यंत्र आलं आहे. ते फार हुशार आहे, फक्त वीज गेली की मुलं माझ्याकडं वळतात. माझं मागणं फार नाही. महिन्यातून एकदा शिवणयंत्राचं दोन थेंब तेल द्या. हातात दांडा घ्याल तेव्हा पुरा वेळ फिरवा, बाहेर कुणाचीही जीप येवो. आणि माझ्यासारख्या जुन्या यंत्राने कधी चुकीचा आकडा दिलाच, तर सगळा दोष त्याच्यावर टाकून मोकळे होऊ नका. आम्हाला तोंड नाही. आम्हाला फिरवणाऱ्याला आहे.